उलट्या बाजूचं गाणं

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावातल्या शहापुरातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा साफ करायला घेतला, की पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या कपड्यांखाली काळ्या रेकॉर्डींचा गठ्ठा सापडतो. त्यातली एक अलगद कडेनं धरा, खिडकीशी न्या आणि तिरप्या उजेडात फिरवून बघा. एक बाजू काळीभोर, चकचकीत दिसते. दुसरी करडी पडलेली असते, राखेचा हात फिरवल्यासारखी. करडी बाजू जास्त वाजलेली.

आता लेबल बघा. मधल्या भोकाभोवती कागदावर केसासारखे बारीक ओरखडे असतात. रेकॉर्ड ठेवताना भोक खिळ्यावर नेमकं बसलं नाही, की खिळा कागदावर घासतो आणि हे ओरखडे उठतात. इथे बरेच जण फसतात. खिळा घासतो तो खालच्या बाजूला, म्हणजे जी बाजू त्या वेळी वाजत नसते तिच्या लेबलाला. म्हणून करडी खाच (सुई जिच्यातून फिरते ती बारीक रेघ) एका बाजूला आणि ओरखड्यांचं लेबल दुसऱ्या बाजूला, अशी जोडी जमली तर त्या घरात कुठलं गाणं पुन्हापुन्हा लागलं याबद्दल शंका उरत नाही. आणि कित्येकदा ते गाणं कंपनीनं ज्याच्यावर भरवसा ठेवला होता ते नसतं.

यालाच जगभर ‘बी-साईड (म्हणजे मागची बाजू) पुढे गेली’ असं म्हणतात. हे होतं कसं, हे समजायला आधी रेकॉर्ड म्हणजे काय वस्तू होती ते बघू.

भारतात तबकड्यांवर मुद्रण सुरू झालं 1902 साली, कलकत्त्यात. गौहरजानच्या त्या पहिल्या तबकड्या एकाच बाजूनं वाजायच्या, मागची बाजू कोरी. युरोपात ओडियन कंपनीनं 1904 च्या सुमारास दोन्ही बाजूंना गाणं असलेल्या तबकड्या बाजारात आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत तोच रिवाज सगळीकडे पडला. मिनिटाला 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तीन ते सव्वातीन मिनिटं वाजायची, बारा इंची साडेचार मिनिटांच्या आसपास. पुढे 1949 मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीनं 45 फेऱ्यांची सात इंची छोटी तबकडी आणली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. ‘सिंगल’ म्हणतात ती हीच.

सिंगल विकत घेणाऱ्याला दोन गाणी मिळत, पण कंपनीला एकच गाणं गाजवायचं असे. रेडिओवाल्यांना एकाच गाण्याची शिफारस करायची, जाहिरात एकाच गाण्याची, दुकानदाराला सांगायचं एकाच गाण्याबद्दल. ती ए बाजू. मागच्या बाजूला काहीतरी असलंच पाहिजे म्हणून जे भरलं, ती बी बाजू. इंग्लंडमध्ये रेडिओ केंद्रांना पाठवायच्या नमुना-प्रतींवर मोठ्ठा ‘ए’ छापत, म्हणजे निवेदकानं चुकून दुसरी बाजू लावू नये.

आता बी बाजूला गाणं कुठलं जाई? वेळ उरला म्हणून घाईत केलेलं, वादकांनी जाता जाता वाजवलेली धून, नेहमीच्या साच्यात न बसणारं, किंवा निर्मात्याच्या स्वतःच्या मालकीचं. या शेवटच्या प्रकारात पैसा होता. प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना मानधन मिळे. ए बाजूमुळे तबकडी खपली, तरी बी बाजूच्या हक्कदाराचा वाटा ठरलेला. क्वीन या बँडच्या 1975 च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मागे ड्रमवादक रॉजर टेलरचं ‘आय एम इन लव्ह विथ माय कार’ होतं. पुढचं गाणं अफाट खपलं आणि मागच्या गाण्यावर टेलरलाही भरपूर पैसे मिळाले. त्यामुळे बी बाजूची जागा आपल्याला मिळावी यासाठी चढाओढ असे.

निर्माता फिल स्पेक्टरनं याच्या उलट युक्ती काढली होती. निवेदकानं तबकडी उलटवूच नये म्हणून तो बी बाजूला मुद्दाम कसलीशी वाद्यधून टाकायचा, जी कुणी दुसऱ्यांदा ऐकणार नाही. पण 1965 साली राइचस ब्रदर्सच्या ‘हंग ऑन यू’ला पुढे ठेवून मागे ‘अनचेन्ड मेलडी’ गेलं, निवेदकांनी तेच लावलं आणि ते अमेरिकेच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. आज ‘हंग ऑन यू’ किती जणांना ठाऊक आहे?

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची आहे. 12 एप्रिल 1954, न्यूयॉर्कचं पायथियन टेंपल. बिल हेली आणि त्याचे कॉमेट्स उशिरा पोचले, कारण त्यांची फेरीबोट वाळूत रुतली होती. मुद्रणासाठी मिळालेल्या वेळातला बहुतेक भाग ‘थर्टीन विमेन’ या गाण्यावर गेला, कारण तीच ए बाजू ठरली होती. शेवटी थोडा वेळ उरला, त्यात दुसरं गाणं दोनदा गाऊन घेतलं. पहिल्या खेपेला वाद्यांखाली हेलीचा आवाज बुडाला होता, म्हणून नंतर दोन्ही खेपांतून एक प्रत जुळवली. तबकडी आली, जरा खपली, विसरली गेली. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाचा चित्रपट निघाला. त्याचा नायक ग्लेन फोर्ड. त्याच्या शाळकरी मुलाकडे ही तबकडी घरी होती, दिग्दर्शकानं ती तिथे ऐकली आणि बी बाजूचं गाणं चित्रपटाच्या नामावलीवर चढवलं. जुलै 1955 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आठ आठवडे तिथेच राहिलं.

यातून एक गोष्ट कळते. बी बाजू आपोआप पुढे जात नाही. मध्ये कुणीतरी लागतो, जो कंपनीचा नोकर नाही, ज्याच्याकडे तबकडी आहे आणि ज्याच्यासमोर माणसं बसलेली आहेत. इथे तो दिग्दर्शक होता. ग्लोरिया गेनरच्या ‘आय विल सर्व्हाइव्ह’च्या बाबतीत तो डिस्कोमधला रेकॉर्ड लावणारा होता. 1978 साली कंपनीला ‘सबस्टिट्यूट’ गाजवायचं होतं. गेनरनं मागचं गाणं न्यूयॉर्कच्या स्टुडिओ 54 मध्ये रेकॉर्डी लावणाऱ्या रिची काझोरकडे नेलं. नाचणाऱ्यांनी ते उचललं, मग रेडिओनं उचललं आणि मार्च 1979 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. क्लिफ रिचर्डच्या ‘मूव्ह इट’साठी (1958) हे काम टीव्हीच्या निर्मात्यानं केलं. ‘स्कूलबॉय क्रश’ नको, मागचंच गाणं हवं, असं त्यानं ठणकावून सांगितलं.

रॉड स्टुअर्टचं ‘मॅगी मे’ (1971) जरा वेगळं. पाच मिनिटांहून लांब, ध्रुवपद नाही, म्हणजे रेडिओच्या हिशेबानं अडचणीचंच. म्हणून ते ‘रीझन टू बिलीव्ह’च्या मागे गेलं. निवेदकांनी तबकडी उलटवली आणि ऑक्टोबरमध्ये ते इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे वर होतं. ए बाजू निवडताना कंपनी मागच्या यशाकडे बघते: तीन मिनिटं, लगेच जिभेवर बसणारं ध्रुवपद, आधी खपलेल्या गाण्याचा भाऊबंद. बी बाजूवर हा जाच नसतो. वाजवणारे मोकळे असतात. ‘टकीला’ (1958) ही तर ‘ट्रेन टू नोव्हेअर’च्या पाठीवर टाकलेली धून, सगळ्या गाण्यात मिळून एकच शब्द, तोही सॅक्सोफोनवाल्यानं ओरडलेला. पहिल्या क्रमांकावर गेली.

मात्र बी बाजूचं गाणं चांगलंच असतं असा अर्थ यातून काढू नये. उलटलेल्या तबकड्या आपल्याला माहीत आहेत कारण त्या उलटल्या. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त बी बाजू खरोखरच भरतीच्या होत्या आणि त्या चकचकीतच राहिल्या.

यंत्राचाही यात मोठा वाटा आहे. हॉटेलात नाणं टाकून गाणं वाजवायचे बहुतेक ज्यूकबॉक्स आधी तबकडीची एकच बाजू वाजवू शकत. मालक जी बाजू वर ठेवेल तेवढीच गिऱ्हाइकाला मिळणार. सीबर्ग कंपनीचं एम 100 ए हे यंत्र 1948-49 मध्ये आलं. त्यात 50 तबकड्या आणि दोन्ही बाजू धरून 100 गाणी. अशा यंत्रांमुळे गिऱ्हाईक स्वतः बटण दाबून मागची बाजू मागू लागलं.

विक्रीच्या याद्यांनीही मदत केली आणि नंतर ती काढून घेतली. अमेरिकेच्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत 1969 च्या नोव्हेंबरपर्यंत एकाच तबकडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या क्रमांकावर दिसत. त्यानंतर दोन्ही मिळून एकच नोंद होऊ लागली. म्हणून जुने क्रमांक आणि नंतरचे क्रमांक शेजारी ठेवून तुलना केली तर हिशेब चुकतो. काही वेळा तर कंपनीच हात वर करी: बीटल्सच्या 1965 च्या डिसेंबरमधल्या ‘डे ट्रिपर’ आणि ‘वी कॅन वर्क इट आउट’ या तबकडीच्या दोन्ही बाजूंना ‘ए’च म्हटलं गेलं.

आपल्याकडे हा शब्द का रुजला नाही

बेळगाव-धारवाड-सांगली या पट्ट्यातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, ‘ही बी-साईड होती’ असं वाक्य त्यांच्या तोंडी सापडणार नाही. ‘त्या प्लेटीच्या मागचं गाणं’ एवढंच म्हणतील. याला कारण आहे. अमेरिकेत गाणं आधी तबकडीतून येई, मग रेडिओवर जाई. आपल्याकडे चित्रपटगीत आधी पडद्यावर येई. लोक थेटरात ऐकून मन ठरवूनच दुकानात जात आणि गाण्याचं नाव घेऊन तबकडी मागत. ते पुढे आहे की मागे, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

रेडिओचंही तसंच. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. धारवाड आकाशवाणी 1950 ची, सांगली 1963 ची. सीमाभागातल्या घरात काटा सांगलीवर नेला की मराठी आणि धारवाडवर नेला की कन्नड, असे दोन्ही संसार एकाच पेटीत चालत. फर्माईशीच्या कार्यक्रमात पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहायचं असे, बाजू नव्हे. ऐकणाऱ्याच्या हातात निवड होती, म्हणून तबकडी उलटवण्याचं नवल वाटलं नाही.

पण जी गाणी चित्रपटातली नव्हती, त्यांची गोष्ट निराळी. भावगीत, नाट्यपद, भजन, कन्नड वचन, पोवाडा आणि सगळ्यात जास्त म्हणजे शास्त्रीय गाणं. इथे तबकडी हीच पहिली भेट होती आणि तिच्या दोन बाजूंत खरी चुरस लागे.

तीन मिनिटांत ख्याल बसवायचा म्हणजे काय, याचा विचार करा. मैफलीत तासभर चालणारा राग. त्यातली बंदिशीची स्थायी, अंतरा, चार आलाप, मोजक्या ताना आणि समेवर शेवट, हे सगळं खाच संपायच्या आत. मग एक रीत अशी पडली की एका बाजूला विलंबित (संथ लयीतलं) आणि दुसऱ्या बाजूला द्रुत (जलद लयीतलं). दुसरी रीत म्हणजे एका बाजूला राग आणि मागे ठुमरी, भजन किंवा नाट्यपद. लांब पोवाडा किंवा कीर्तन असेल तर ‘भाग 1’ आणि ‘भाग 2’, तिथे मागची बाजू म्हणजे पुढचा मजकूरच.

विलंबिताला तीन मिनिटं फार अपुरी पडतात. लय ऐकणाऱ्याच्या अंगात मुरायच्या आत सुई मध्यावर पोचते. द्रुताला मात्र तेवढा वेळ पुरतो, कधी कधी तोच नेमका असतो. म्हणून जुन्या शास्त्रीय तबकड्यांत द्रुताची किंवा ठुमरीची बाजू करडी आणि ख्यालाची चकचकीत दिसली, तर त्या घरात गाण्याची समज कमी होती असं मानू नये. तबकडीच्या मापात जे गाणं पूर्ण मावलं, ते लोकांनी जवळ केलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडीवरची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरीच, मैफलीत उशिरा यायची चीज. गदगकडच्या भीमसेन जोशींनी लहानपणी दुकानात ती ऐकली आणि गाणं शिकायचा ध्यास घेतला. आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली, पुढचे कुमार गंधर्व, कोवळ्या वयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत होता.

चावीच्या फोनोवर मागची बाजू लावणं फुकट नव्हतं, हे आज लक्षात येत नाही. तबकडी लाखेची, पण तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळलेले. ती पूड मुद्दाम घातलेली असे, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची होते. एक बाजू वाजली की सुईचं टोक झिजून धारदार होतं. तीच सुई पुढच्या बाजूला वापरली तर खाच कातरली जाते. म्हणून नियम होता: दर बाजूला नवी सुई. पत्र्याच्या छोट्या डबीत 200 सुया यायच्या, म्हणजे 200 बाजू. वर चावी भरायची. चावी कमी पडली की शेवटच्या अंतऱ्यात गवयाचा आवाज खाली खाली घसरत जाई. एवढा खटाटोप करून जेव्हा कुणी मागची बाजू लावायचं, तेव्हा ती त्याला हवीच असायची.

ईपी आली तेव्हा गणित बदललं. सात इंची, 45 फेऱ्यांची, पण प्रत्येक बाजूला बहुधा दोन गाणी. एचएमव्हीच्या चित्रपटगीतांच्या ईपींवर ‘7 ईपीई’नं सुरू होणारा क्रमांक दिसतो. इथे पुढची-मागची बाजू यापेक्षा बाहेरचं-आतलं गाणं हा भेद मोठा. तबकडीचे फेरे सारखे असले तरी कडेला सुईखालून जास्त लांबीची खाच जाते आणि मध्याकडे कमी. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत दाटला, की ‘स’ आणि ‘श’ फाटतात, उंच सूर खरखरतात. म्हणून बी बाजूचं पहिलं गाणं हे ए बाजूच्या दुसऱ्या गाण्यापेक्षा सरस ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात कर्णे बांधून रेकॉर्डी लावणाऱ्याला हे कानानंच कळायचं. शिवाय बाहेरच्या गाण्यावर सुई बिनचूक टेकवता येते, आतलं गाणं गर्दीत शोधावं लागतं.

कॅसेटमध्येही हीच सोय उपयोगी पडली. 60 मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं. ए बाजू संपली की उलटवताच बी बाजूचं पहिलं गाणं समोर हजर, मागेपुढे फिरवायला नको. मधलं गाणं हवं असेल तर अंदाजानं फिरवा, थांबवा, ऐका, पुन्हा फिरवा. त्यात फीत सैल पडून गुंडाळली गेली की पेन्सिल घालून आवळायची. भजनांच्या कॅसेटी ऐकणाऱ्या घरात ‘दुसऱ्या बाजूचं पहिलं’ हे एखाद्या अभंगाचं पक्कं ओळखपत्र असे.

मोबाईलवर बाजूच राहिली नाही, तरी मागची गाणी अजून पुढे येतात. पेव्हमेंट या अमेरिकी बँडचं ‘हार्नेस युअर होप्स’ हे 1999 मधलं, अल्बमात न घेतलेलं, बी बाजूला टाकलेलं गाणं. 2017 च्या सुमारास स्पॉटिफायनं गाणी आपोआप पुढे वाजवण्याची पद्धत बदलली आणि हे गाणं लोकांच्या कानावर पडत राहिलं. 2020 पर्यंत ते त्या बँडचं तिथे सर्वाधिक ऐकलं जाणारं गाणं झालं होतं. मधला माणूस जाऊन त्या जागी यंत्र आलं, एवढाच फरक.

माळ्यावरची मागची बाजू ऐकायची असेल तर

आधी फेरे ओळखा. जड, ठिसूळ, दहा इंची असेल तर 78. ही पडली की फुटते. हलकी आणि जरा लवणारी असेल तर ती व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची. लेबलावरचा कंपनीचा क्रमांक दोन्ही बाजूंना बहुधा एकच असतो. बाजू वेगळी ओळखायची तर लेबल आणि खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उठवलेला आकडा बघा, तो प्रत्येक बाजूचा वेगळा असतो.

खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्याची ओल भिंतीतून आत येते आणि कागदी पाकिटासकट रेकॉर्डीवर बुरशी धरते. ती काढायला स्पिरिट कधीही वापरू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणं पुसलं जातं आणि ते परत येत नाही. मऊ कापड, स्वच्छ पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरे. खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही, लगेच कोरडं करून सावलीत उभं ठेवायचं. आडवा गठ्ठा पत्र्याखाली राहिला तर एप्रिल-मेच्या उन्हात तबकड्या वाकतात. वाकलेली रेकॉर्ड हातानं सरळ करायला गेलात तर तडकते.

जुन्या फोनोच्या साऊंडबॉक्सचं (सुई धरणाऱ्या गोल डबीचं) वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. कित्येक वर्षं न वाजलेली चकचकीत बाजू त्यावर चढवू नका. 78 ची गती असलेला विजेचा प्लेअर शोधा, आणि त्याला 78 साठीचीच सुई लावा. 78 ची खाच रुंद असते. एलपीची, म्हणजे 33 फेऱ्यांच्या मोठ्या व्हिनाइल तबकडीची, बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन कचऱ्यातच फिरते आणि नुसता खरखराट येतो. उलट 78 ची जाड सुई एलपीवर टेकवली तर एलपी पहिल्याच फेरीत खराब होते. बऱ्याच जुन्या प्लेअरच्या हातावर एक छोटी दांडी असते, ती फिरवली की सुई बदलते. आधी ती कुठल्या बाजूला आहे ते बघा, मगच हात खाली आणा.

आणि वाजवताना शेजारी फोन ठेवून पहिल्याच खेपेला मुद्रण करून घ्या. त्या बाजूची खाच तेव्हा जितकी स्वच्छ असते तितकी पुन्हा नसते.